कोपरे सॉफ्ट का येतात? फील्ड कर्व्हेचर घरच्या घरी तपासण्याची पद्धत

नवी लेन्स घरी आली की बहुतेक जण पहिला फोटो समोरच्या विटांच्या भिंतीचा काढतात. मधल्या विटा कोरल्यासारख्या दिसतात, कोपऱ्यातल्या पुसट. लगेच निकाल लागतो: लेन्स कोपऱ्यात कच्ची आहे. निकाल बरोबर असेलही, पण त्या एका फोटोवरून तो लावता येत नाही. कोपरा पुसट यायला निदान दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, लेन्स कोपऱ्यात खरोखरच नीट प्रतिमा बनवत नाही. दोन, नीट बनवते, पण सेन्सर आहे त्याच्या किंचित पुढे किंवा मागे. या दुसऱ्या प्रकाराला फील्ड कर्व्हेचर म्हणतात. मध्यावर फोकस करून सपाट भिंतीचा फोटो काढला की ही दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. ती सुटी करायला प्रयोगशाळा लागत नाही. ट्रायपॉड, रद्दीतली वर्तमानपत्रं, मोजपट्टी आणि एक मोकळी सकाळ पुरते.

आधी थोडं गणित

गोल पृष्ठभाग असलेल्या काचेला सपाट प्रतिमा बनवण्याची मुळात हौस नसते. ५० एमएमचं एकच साधं भिंग घ्या, काचेचा अपवर्तनांक १.५ धरा. त्याची प्रतिमा सपाट पडद्यावर न पडता साधारण ७५ मिमी त्रिज्येच्या वक्र पृष्ठावर तयार होते. परातीसारखं हे पृष्ठ, कडा लेन्सकडे वळलेल्या. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा, त्याचा कोपरा मध्यापासून २१.६ मिमी दूर असतो. तिथे ही परात सेन्सरपासून ३ मिमीहून जास्त सुटलेली असते. एवढ्या फरकात कोपऱ्यात काहीच ओळखू येणार नाही.

त्रिज्येचा हा हिशोब योसेफ पेत्झवाल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८४० मध्ये व्हिएन्नात रचलेली पोर्ट्रेट लेन्स मध्यभागी त्या काळाच्या मानाने विलक्षण शार्प होती, कडांना मात्र वाहून जायची. चेहरा फ्रेमच्या मध्यात, त्यामुळे कोणाची फारशी तक्रार नव्हती. पुढे फुगीर आणि खोलगट भिंगं विशिष्ट अंतरावर बसवून, वेगवेगळ्या काचा वापरून हा बाक कमी करण्याचे उपाय सापडत गेले. १८९६ मध्ये पॉल रुडॉल्फ यांनी त्साइस कंपनीसाठी प्लानार ही लेन्स रचली, तोवर सपाट फील्ड ही विकण्याजोगी गोष्ट झाली होती. उलटा उपायही आहे, तो म्हणजे सेन्सरच वाकवायचा. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीत ४२ सीसीडी (सेन्सरच्या चकत्या) एका वक्र पृष्ठावर बसवले होते. आपल्या कॅमेऱ्यात ती सोय नाही.

आजच्या लेन्समध्ये उरलेला बाक मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशात असतो. समजा तो कोपऱ्यात ०.०५ मिमी आहे. ऐकायला क्षुल्लक, पण फोकसची सहनशक्तीही तितकीच क्षुल्लक असते. ती काढायचं सूत्र सोपं आहे: एफ-नंबर (अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, जितकं लहान तितका हा आकडा मोठा) गुणिले चालण्याजोगा पुसटपणा. जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरसाठी चालण्याजोगा पुसटपणा ०.०१ मिमी धरला, तर एफ/२.८ ला सेन्सरच्या पुढेमागे ०.०२८ मिमी एवढीच मोकळीक मिळते. ०.०५ चा बाक तिच्या बाहेर. एफ/८ ला हीच मोकळीक ०.०८ मिमी होते आणि बाक तिच्यात मावतो.

आता हाच बाक कॅमेऱ्यासमोरच्या जगात कसा दिसतो ते पाहू, कारण मोजायचा तिथेच आहे. २४ एमएमच्या लेन्सने दीड मीटर रुंद चार्ट फ्रेममध्ये बसवला, तर कॅमेरा साधारण एक मीटरवर येतो. तिथे सेन्सरकडचे ०.०५ मिमी म्हणजे चार्टकडचे जवळपास ९ सेंमी. आणि तीच लेन्स मध्यावर दूरच्या डोंगराला फोकस केली, तर कोपरा ११.५ मीटरवरच्या झाडाला फोकस झालेला असू शकतो. (फोकल लेंग्थचा वर्ग भागिले बाक: ५७६ भागिले ०.०५.) लेन्स तीच, बाक तोच, पण एका ठिकाणी फरक वितीपेक्षाही कमी आणि दुसऱ्या ठिकाणी अकरा मीटर विरुद्ध अनंत. चाचणी कुठल्या अंतरावर केली हे सांगितल्याशिवाय कोपऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही, तो यामुळेच.

पहिली पायरी: भिंत आणि कॅमेरा समांतर

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि बहुतेक चाचण्या फसतात त्याही इथेच. वरच्याच उदाहरणात कॅमेरा भिंतीला फक्त २ अंशांनी तिरका असेल, तर डाव्या आणि उजव्या कडेच्या अंतरात पाच सेंमीचा फरक पडतो. मग लेन्सचा दोष मोजताय की ट्रायपॉडचा, हे कळणार नाही.

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. एक छोटा सपाट आरसा भिंतीवर, फ्रेमच्या मध्याशी चपखल टेकवा आणि स्क्रीनवर पाहा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर आलं की कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे. प्रतिबिंब पुसट दिसेल, चालेल, त्याचं केंद्र कळलं म्हणजे झालं. स्पिरिट लेव्हलने हे काम होत नाही, कारण भिंती स्वतःच ओळंब्यात असतात असं नाही.

चार्ट म्हणून वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान उत्तम. मध्यावर, चारही कोपऱ्यांत आणि कडांच्या मध्यावर पानं चिकटवा, फुगे न ठेवता. कोपऱ्यातली पानं फ्रेमच्या थोडी बाहेरपर्यंत जाऊ द्या, पुढे कॅमेरा सरकवायचा आहे. मराठी वर्तमानपत्राची एक गंमत लक्षात ठेवा: शिरोरेषांमुळे पानात आडव्या रेघांचा सुकाळ असतो. लेन्समध्ये अॅस्टिग्मॅटिझम असेल तर आडव्या आणि उभ्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक पान सरळ आणि शेजारी एक पान आडवं फिरवून लावा.

कॅमेऱ्यात रॉ, कमीत कमी आयएसओ, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. लेन्स करेक्शनही बंद ठेवा. डिस्टॉर्शन (सरळ रेघा वाकड्या येणं) सरळ करताना सॉफ्टवेअर कोपरे ताणतं, मग त्या ताणलेल्या पिक्सेलचा दोष लेन्सच्या माथी येतो.

दुसरी पायरी: एकाच अॅपर्चरला दोन फोकस

या लेखातलं एवढंच केलंत तरी पुरे.

अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. मधलं पान स्क्रीनवर मोठं करून मॅन्युअल फोकस करा, फोटो घ्या. कॅमेरा न हलवता आता एका कोपऱ्यातलं पान मोठं करा, तिथे नव्याने फोकस करा, पुन्हा फोटो घ्या. चारही कोपऱ्यांसाठी वेगवेगळं करा. नंतर कोपऱ्याचे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहा: मध्यावर फोकस असतानाचा आणि त्या कोपऱ्यावर फोकस असतानाचा.

कोपऱ्यावर फोकस केल्यावर अक्षरं एकदम उघडली आणि चारही कोपरे सारखेच वागले, तर मुख्य कारण फील्ड कर्व्हेचर. कितीही फिरवलं तरी कोपरा जेमतेम तेवढाच राहिला, तर कोमा (बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी फुटणं), अॅस्टिग्मॅटिझम किंवा कोपऱ्यातली रंगीत किनार यांपैकी काहीतरी आहे आणि फोकसने ते जाणार नाही. सरळ पानावरची अक्षरं एका फोकसला आणि फिरवलेल्या पानावरची दुसऱ्या फोकसला शार्प झाली, तर ते अॅस्टिग्मॅटिझमचंच लक्षण. प्रत्यक्षात बहुतेक लेन्समध्ये या सगळ्यांची थोडी थोडी भेसळ सापडते. प्रश्न प्रमाणाचा असतो.

एक कोपरा इतर तिघांपेक्षा वेगळा वागला, तर गोष्टच वेगळी. फील्ड कर्व्हेचर रचनेत असतं, म्हणून ते चारही बाजूंना सारखं दिसतं. एकच बाजू बिघडलेली असणं म्हणजे एखादं भिंग सरकलेलं किंवा कललेलं असणं. त्याला डीसेंटरिंग म्हणतात आणि तो त्या विशिष्ट नगाचा दोष आहे. अर्थात आरशाची पायरी गाळली असेल तर आधी ती करून या.

इथे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: एफ/८ ला कोपरे सुधारले, म्हणजे ते फील्ड कर्व्हेचरच होतं. हे खरं नाही. अॅपर्चर लहान केल्यावर फोकसची मोकळीकही वाढते आणि कोमासारखे दोषही आटतात. सुधारणा दोन्हीमुळे होते, तेव्हा तिच्यावरून निदान करता येत नाही. निदान होतं ते अॅपर्चर न बदलता फोकस बदलून.

तिसरी पायरी: बाक मोजणं

आकडा हवा असेल तर फोकसची रिंग सोडा. आजकालच्या लेन्सच्या रिंगवर नेमक्या खुणा नसतात. त्याऐवजी फोकस मध्यावर लावून कायम करा आणि कॅमेराच पुढेमागे सरकवा. फोकसिंग रेल (कॅमेरा मोजून पुढेमागे सरकवायची पट्टी) असेल तर छान, नाहीतर फरशीवर मोजपट्टी चिकटवून ट्रायपॉड तिच्या कडेने सरकवला तरी काम होतं. २ सेंमीच्या टप्प्याने, १२ सेंमी पुढून १२ सेंमी मागेपर्यंत तेरा फोटो घ्या.

मग मध्य कोणत्या फोटोत सर्वांत शार्प आहे आणि कोपरे कोणत्या फोटोत, ते शोधा. त्यांच्यातलं अंतर म्हणजे चार्टकडचा बाक. त्याला सेन्सरची रुंदी भागिले चार्टची रुंदी याच्या वर्गाने गुणलं की सेन्सरकडचा बाक मिळतो. कॅमेरा ८७ मिमी पुढे आणल्यावर कोपरे शार्प झाले आणि चार्ट १५०० मिमी रुंद असेल, तर ८७ गुणिले ०.०२४ चा वर्ग, म्हणजे ०.०५ मिमी.

दिशा जपून टिपा. कॅमेरा भिंतीजवळ नेल्यावर कोपरे सुधारले, तर लेन्सचं फोकसचं पृष्ठ कडांना कॅमेऱ्याकडे वळतं. कॅमेरा मागे नेल्यावर सुधारले, तर ते कॅमेऱ्यापासून दूर वळतं. पुढे फोटो काढताना आकड्यापेक्षा ही दिशाच जास्त उपयोगी पडते.

डोळ्याने ठरवणं अवघड जात असेल तर शार्पनेस मोजणारं एमटीएफ मॅपर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला छापलेल्या काळ्या चौकोनांच्या तिरक्या कडा लागतात, वर्तमानपत्र चालत नाही.

चौथी पायरी: मैदान

मला ही चाचणी सगळ्यात आवडते, कारण बाक मोजावा लागत नाही, डोळ्यांना दिसतो. बारीक खडी पसरलेलं आवार, कापलेलं गवत किंवा डांबराचा मोकळा रस्ता शोधा. जमीन सपाट हवी आणि तिच्यावर सगळीकडे सारखा बारीक पोत हवा. कॅमेरा कमरेएवढा किंवा त्याहून खाली, किंचित जमिनीकडे झुकवलेला, पण डावीकडे-उजवीकडे अगदी लेव्हलमध्ये. अॅपर्चर पूर्ण उघडं. फ्रेमच्या मध्यावरच्या जमिनीवर फोकस करून फोटो घ्या.

फोटोशॉपमध्ये तो उघडून फाइंड एजेस फिल्टर लावा, गिंपमध्ये एज डिटेक्ट. फक्त शार्प भागातल्या कडा उमटतात आणि फोटोत आडवा पट्टा दिसू लागतो. पट्टा सरळ, म्हणजे फील्ड सपाट. दोन्ही टोकं खाली वळली तर फील्ड कॅमेऱ्याकडे वळतं, वर गेली तर दूर. काही लेन्समध्ये तो आधी एकीकडे वाकून कोपऱ्याशी परत फिरतो. अशा लेन्समध्ये मध्य आणि कोपरा दोन्ही चांगले आणि अधलामधला भागच सॉफ्ट, असा चमत्कारिक निकाल येतो आणि फक्त मध्य-कोपरा तपासणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

पट्टा एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असा तिरका आला, तर जमीनच उताराची असण्याची शक्यता धरा. त्याच जागी उभं राहून विरुद्ध दिशेला तोंड करून दुसरा फोटो घ्या. उताराचा परिणाम असेल तर तिरकेपणा उलटेल, लेन्स कललेली असेल तर तसाच राहील.

पाचवी पायरी: अनंत

जवळच्या चार्टवर मिळालेला बाक दूरवर तसाच असेल, हे गृहीत धरू नका. अनेक लेन्समध्ये फोकस करताना आतले गट एकमेकांच्या मानाने सरकतात आणि बाकाचा आकारच बदलतो. लँडस्केप किंवा आकाशाचे फोटो काढत असाल तर तुमच्यासाठी खरी चाचणी ही.

दूरचा मोबाइल टॉवर किंवा पत्र्याच्या छपराची कड निवडा. २४ एमएमला २०० मीटर पुष्कळ झाले, ८५ एमएमला दोन-तीन किलोमीटर हवेत. टॉवर मध्यावर ठेवून फोकस करा, फोटो घ्या. फोकसला हात न लावता कॅमेरा फिरवून तोच टॉवर एकेका कोपऱ्यात आणा. मग कोपऱ्यात ठेवूनच पुन्हा फोकस करा. सगळीकडे वस्तू तीच असल्यामुळे तुलना चोख होते.

वेळ पहाटेची किंवा पाऊस पडून हवा धुतली गेल्यानंतरची. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लेन्सच्या सगळ्या गुणदोषांवर पाणी फिरवते.

फील्ड कॅमेऱ्याकडे वळणारं असेल तर कोपऱ्यातला टॉवर शार्प करायला फोकस अनंताच्याही थोडा पुढे न्यावा लागतो. दूर वळणारं असेल तर मध्याचा फोकस थोडा अलीकडे आणावा लागतो. आपल्या २४ एमएमच्या उदाहरणातला बाक तेवढाच, पण दूर वळणारा असता, तर तो ११.५ मीटरवर आणला की कोपरे अनंतावर पोहोचले असते.

मिळालेल्या माहितीचं करायचं काय

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचं उदाहरण घेऊ. कडा अर्धगोलाकार आत वळलेला आहे, म्हणून कॅमेऱ्याकडे वळणाऱ्या फील्डची लेन्स तिथे आपोआप जुळेल असं वाटू शकतं. तसं होत नाही. कड्याची समोरची भिंत आणि तिचे बाजूचे हात यांच्या अंतरात कितीही फरक असो, शेकडो मीटरवरचं सगळंच २४ एमएमच्या लेन्सला अनंत वाटतं. फरक पडतो तो पायाजवळच्या खडकाने. खालच्या कोपऱ्यांत दोन-तीन मीटरवरचा खडक असेल तर कॅमेऱ्याकडे वळणारं फील्ड मदतीला येतं. वरच्या कोपऱ्यांत दूरची डोंगररांग असेल तर तेच फील्ड तिला मारतं. अशा वेळी मध्यावर फोकस न करता मध्य आणि कोपरा यांच्या साधारण अर्ध्या वाटेवरच्या दूरच्या वस्तूवर करा आणि एफ/८ ते एफ/११ वापरा. एफ/१६ च्या पुढे जाण्यात राम नाही. तिथे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) एका बिंदूचाच ठिपका २० मायक्रॉनहून मोठा होतो आणि कोपऱ्यासाठी मध्याचाही बळी जातो.

ताऱ्यांच्या फोटोत अॅपर्चर लहान करण्याची चैन नसते. एखादा ठळक तारा मध्यापासून एक-तृतीयांश अंतरावर ठेवून फोकस करा, ती बऱ्यापैकी तडजोड ठरते.

लग्नातल्या ग्रुप फोटोत टोकाच्या माणसांना अर्धं पाऊल पुढे घेण्याची जुनी पद्धत आहे. फील्ड कॅमेऱ्याकडे वळत असेल तर ती फार उपयोगी, दूर वळत असेल तर नेमकी उलटी. तेव्हा रांग सरळ ठेवा किंवा टोकं किंचित मागे घ्या.

जुन्या पोथ्या, नकाशे, चित्रं यांच्या प्रती काढायच्या असतील तर हिशोब करत बसू नका, मॅक्रो लेन्स वापरा. त्या सपाट वस्तूंसाठीच रचलेल्या असतात. उलट पोर्ट्रेटला थोडा बाक असला तर बिघडत नाही, पार्श्वभूमी आणखी विरघळते. मिनोल्टाने तर १९७० च्या दशकात २४ एमएमची व्हीएफसी लेन्स काढली होती, तिच्यावर बाक कमीजास्त करायची वेगळी रिंगच होती.

इतरांच्या चाचण्या वाचताना

एकाच लेन्सबद्दल एक जण कोपरे उत्तम म्हणतो, दुसरा टाकाऊ. दोघेही प्रामाणिक असू शकतात. छापील चार्टवरची चाचणी जवळच्या अंतरावर होते, ऑप्टिकल बेंच या प्रयोगशाळेतल्या उपकरणावरची सहसा अनंतावर. काही जण फक्त मध्यावर फोकस करतात, काही प्रत्येक भागाचा सर्वोत्तम फोकस वेगळा शोधतात. निकालाआधी पद्धतीचं पान वाचा. ते नसेल तर मी कोपऱ्याचे आकडे सोडून देतो.

अॅडॉप्टरवर जुनी लेन्स वापरत असाल तर आणखी एक गोम. सेन्सरसमोर काचेचा थर असतो: सोनीच्या फुल-फ्रेममध्ये सुमारे २ मिमी, मायक्रो फोर थर्ड्समध्ये सुमारे ४. फिल्मसमोर काहीच नव्हतं. तिरपे येणारे किरण या काचेतून जाताना त्यांचा फोकस मागे सरकतो. त्यामुळे लायकाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या वाइड-अँगल लेन्स सोनीवर कोपऱ्यात ढेपाळतात. त्याच लेन्स फिल्मवर निर्दोष असू शकतात. म्हणून लेन्स तपासायची ती ज्या बॉडीवर वापरणार त्याच बॉडीवर.

मुंबईच्या बोरा बाजारात किंवा कुठेही सेकंडहँड लेन्स बघायला जाल तेव्हा भिंत आणि आरसा बरोबर नसेल. तरी आपली बॉडी न्या, रस्त्यापलीकडच्या दूरच्या पाटीवर दुसरी पायरी करा: मध्य, चार कोपरे, प्रत्येकाचा वेगळा फोकस. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील आणि फोकस केल्यावर सारखेच उघडत असतील, तर ती रचना आहे, दुसरा नगही तसाच निघेल आणि त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. एकच कोपरा हटत नसेल तर स्क्रीन दुकानदाराकडे फिरवा आणि मग भावाचं बोला.